हातमोजे देऊन हात झटकणारे

भारतात सुट्टीवर गेलो की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "तुमच्याकडे बरं असतं, कामगाराच्या जिवाला किंमत असते." बोलणाऱ्याने न्यूझीलंडचे फोटो पाहिलेले असतात. चमकणारी जाकिटं, डोक्यावर हेल्मेटं, आणि एवढासा खड्डा खणायचा तरी रस्ताभर मांडलेले नारिंगी शंकू. इथे राहणारे आम्ही त्या शंकूंवर भरपूर विनोद करतो, पण खरं सांगायचं तर मला ते शंकू आवडतात.

माझी तक्रार वेगळी आहे. जाकीट दिसतं, शंकू दिसतो, म्हणून सुरक्षितता आहे असं आपण धरून चालतो. पण जी इजा डोळ्यांना दिसत नाही, जिच्यात रक्त येत नाही आणि जी व्हायला पाच-दहा वर्षं लागतात, तिच्या बाबतीत हा देश आणि आपला देश यांच्यातला फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. अशी एक इजा मला जवळून माहीत आहे, कारण कंपनं मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ग्राइंडर, ब्रेकर, रॉक ड्रिल, चेनसॉ अशी थरथरणारी यंत्रं वर्षानुवर्षं हातात धरली तर माणसाचे हात कायमचे अधू होतात. इंग्रजीत याला हँड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम असं लांबलचक नाव आहे. मराठीत नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याची तक्रार कशी करणार?

आधी नेमकं काय होतं ते सांगतो. यंत्राची थरथर मुठीतून बोटांत, मनगटात आणि कोपरापर्यंत जाते. तिचा मारा तीन ठिकाणी होतो. पहिला रक्तवाहिन्यांवर. थंडीत बोटांची टोकं एकाएकी पांढरीफटक पडतात, बधिर होतात, आणि रक्त परत येताना ठणका लागतो. दुसरा नसांवर. आधी मुंग्या येतात, मग स्पर्शच कळेनासा होतो. तिसरा स्नायू आणि सांध्यांवर. मूठ ढिली पडते आणि हातातून वस्तू निसटू लागतात. सुरुवातीच्या अवस्थेत काम थांबवलं तर रक्तवाहिन्यांचा त्रास काही अंशी कमी होऊ शकतो. मेलेल्या नसा मात्र सहसा परत येत नाहीत, आणि यावर खात्रीचा इलाज नाही. उपाय एकच, होऊ न देणं.

ही काही कालची बातमी नव्हे. जिओव्हानी लोरिगा या इटालियन डॉक्टरने १९११ साली हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं वापरणाऱ्या कामगारांच्या हातांबद्दल लिहून ठेवलं आहे. १९१८ साली अॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत जाऊन दगड घडवणाऱ्यांची बोटं तपासली. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हे ठाऊक आहे. तरीही बांधकामावर जाऊन विचारलं की उत्तर येतं, "हॅं, सवय होते."

हेच उत्तर मला क्राइस्टचर्चमध्ये चक्क मराठीत मिळालं. सातारकडचा एक मुलगा आहे. शिकायला म्हणून इथे आला आणि आता काँक्रीट कापायच्या आणि फोडायच्या कामावर आहे. मला दादा म्हणतो. हिवाळ्यात एकदा घरी जेवायला आला होता. जेवण झाल्यावर चहाचा कप त्याने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. मला वाटलं थंडी वाजत असेल. मग निघताना त्याला जाकिटाची चेन लावता येईना. चिमटीत पकडलेलं टोक त्याला कळतच नव्हतं, डोळ्यांनी बघून बघून तो लावत होता. वय वर्षं एकोणतीस.

"किती दिवस झाले रे?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. रात्री हात बधिर होतात, झटकले की बरं वाटतं. दादा, सवय होते याची."

"साहेबाला सांगितलंस?"

"सांगितलं की. त्याने चांगले महागातले हातमोजे दिले. अँटी-व्हायब्रेशन लिहिलंय त्याच्यावर."

पुढे तो म्हणाला ते जास्त महत्त्वाचं आहे. "अजून काही बोललो तर मला दुसरीकडे टाकतील नाहीतर काढतील. माझा व्हिसा त्यांच्या नावावर आहे." न्यूझीलंडमध्ये २०२२ पासून सुरू झालेला कामाचा व्हिसा एका ठरावीक मालकाशी आणि ठरावीक कामाशी बांधलेला असतो. कायद्याने इथल्या प्रत्येक कामगाराला धोक्याचं काम थांबवायचा हक्क आहे. पण ज्याच्या हातात तुझा व्हिसा, त्याच्यासमोर तो हक्क किती वेळा वापरशील? बायको-मुलाला आणायची स्वप्नं पाहणारा माणूस बोटांच्या मुंग्यांसाठी भांडत नाही. तो गप्प बसतो आणि हात झटकत राहतो.

आता त्या हातमोज्यांबद्दल बोलू, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे. हातमोजा उबदार राहायला चांगला, सालटं निघू नयेत म्हणून चांगला. हात गरम ठेवणं या दुखण्यात उपयोगाचंच आहे. पण थरथर रोखायला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण साधं आहे. रबराचा किंवा जेलचा पातळ थर फार वेगाची बारीक थरथर थोडीफार शोषतो. ब्रेकरचा दणका सेकंदाला वीस-तीस वेळा बसतो, आणि त्या संथ, जोरकस हिसक्यापुढे अर्ध्या सेंटिमीटरचा थर म्हणजे मुसळधार पावसात रुमाल. वर मोजा जाड असला तर पकड सुटू नये म्हणून माणूस मूठ अधिकच आवळतो, आणि मूठ जितकी घट्ट तितकी थरथर जास्त आत जाते. ब्रिटनचं सुरक्षा खातं मालकांना कधीपासून स्पष्ट सांगतं आहे की या मोज्यांच्या भरवशावर राहू नका.

मग मालक मोजे का देतो? कारण मोज्याची पावती फाइलला लावता येते! उद्या कोणी विचारलं तर "आम्ही संरक्षण साधनं पुरवली होती." हातमोजे दिले आणि हात झटकले.

"मग करायचं काय?" असं विचाराल तर गंमत अशी की उत्तर अगदी शाळकरी गणिताचं आहे. प्रत्येक यंत्राच्या थरथरीला एक आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. तो आकडा आणि यंत्र खरोखर किती वेळ चालू होतं, या दोन गोष्टींवरून दिवसाचा हिशेब निघतो. युरोपने २००२ साली एका निर्देशाने दोन रेषा आखून दिल्या आणि ब्रिटनने २००५ साली त्यांचा कायदा केला. आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ झाली की मालकाने पावलं उचलायलाच हवीत, आणि ५ ही लक्ष्मणरेषा, ती ओलांडायची नाही.

आता एक साधा जुना ब्रेकर घ्या, थरथर १५ ची. त्यावर २.५ ची रेषा गाठायला लागतात १३ मिनिटं, आणि ५ ची रेषा गाठायला ५३ मिनिटं. म्हणजे एक तासही नाही! आपल्याकडे काय, इथे काय, तो ब्रेकर एक माणूस दिवसाचे चार-पाच तास चालवत असतो. पण याच सूत्रात सुटकाही लपलेली आहे. यात थरथरीचा वर्ग होतो. म्हणजे थरथर निम्मी केली की वेळ दुप्पट नाही, चौपट मिळतो. १५ च्या जागी ७.५ चं यंत्र आणलं तर ५३ मिनिटांचे साडेतीन तास होतात. ज्याने स्वस्तातलं यंत्र खरेदी केलं, त्याने ऑफिसात बसून कामगाराच्या बोटांचा निकाल लावलेला असतो. कामगाराने मोजे घातले की नाही हा फार पुढचा प्रश्न.

(हा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगतो. फार वेगाच्या थरथरीला हे मोजमाप कमी लेखतं असं आमच्या क्षेत्रातले बरेच जण मानतात, आणि ५ च्या आत राहिलं म्हणजे हात सुरक्षित असंही नाही. पण मोजपट्टी थोडी वाकडी आहे म्हणून कोणी मोजणंच सोडत नाही.)

तर आता न्यूझीलंडकडे वळू. १९ नोव्हेंबर २०१० ला इथल्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत स्फोट झाला आणि २९ माणसं गेली. सगळा देश हादरला. त्यातून २०१३ साली वर्कसेफ हे स्वतंत्र खातं आणि २०१५ साली नवा सुरक्षा कायदा आला, जो एप्रिल २०१६ पासून लागू झाला. कायदा कडक आहे. जाणूनबुजून बेफिकिरी केली तर कंपनीला तीस लाख डॉलरपर्यंत दंड, आणि जबाबदार माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद. पण या कायद्याचा गाभा "वाजवीपणे शक्य असेल तेवढं करा" असा आहे. वाजवी म्हणजे किती? आवाजाच्या बाबतीत १९९५ च्या नियमावलीने स्वच्छ आकडा दिला, आठ तासांना ८५ डेसिबल. थरथरीला असा आकडा कायद्यात दिलेला नाही. परिणाम काय, तर साइटवर आवाज मोजायला माणूस येतो आणि कानाला लावायचे मफ भिंतीवर रांगेने टांगलेले असतात. त्याच भिंतीखाली पडलेल्या ब्रेकरची थरथर कोणी मोजलेली नसते. कानाला आकडा आहे, बोटांना नाही.

याचं समर्थन करणारे म्हणतात, आकडे लिहिले की कायदा ताठर होतो, छोट्या कंत्राटदाराला झेपत नाही. मग आवाजाचा आकडा कसा झेपला? तेव्हाही छोटे कंत्राटदार होतेच. आकडा नसण्याचा फायदा छोट्याला होत नाही. तो फायदा होतो प्रश्न टाळू पाहणाऱ्याला. त्यात २०२५ साली इथल्या सरकारने कायद्यात बदल जाहीर केले, कमी धोक्याच्या लहान धंद्यांनी फक्त "गंभीर" धोक्यांकडे लक्ष द्यावं असा त्यांचा रोख आहे. काँक्रीट फोडणं कमी धोक्याचं ठरेल असं मी म्हणत नाही. मला भीती वाटते ती त्या शब्दाची. पडून मान मोडली तर ते गंभीर, हे कोणीही मान्य करील. एकोणतीस वर्षांच्या मुलाला चेन लावता येत नाही हे गंभीर की नाही, हे कोण ठरवणार? वर्कसेफचाच अंदाज आहे की या देशात कामामुळे होणाऱ्या आजारांनी वर्षाला ७५० ते ९०० माणसं मरतात, म्हणजे कामावरच्या अपघातांत मरणाऱ्यांच्या दहापट किंवा त्याहून जास्त. तरी बातमी अपघाताचीच होते. हळूहळू होणाऱ्या इजेला इथे कोणी वाली नाही.

इथल्या लोकांच्या स्वभावाचाही यात वाटा आहे. "शी'ल बी राइट" हे किवी माणसाचं आवडतं वाक्य, म्हणजे आपलं "होईल सगळं ठीक". कुंपणाच्या आठ नंबरच्या तारेने वाटेल ते दुरुस्त करणारा हा देश, म्हणजे आपला जुगाडच! हा स्वभाव मला आवडतो. पण नसांचा जुगाड होत नाही.

दुसरी एक गोष्ट इथे सांगायला हवी, जी ऐकून इथले माझे मित्र माझ्यावर चिडतात. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून एसीसी नावाची अपघात भरपाईची सरकारी व्यवस्था आहे. चूक कोणाची हे न विचारता इलाज होतो, काम बुडालं तर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, आणि कामामुळे हळूहळू झालेली इजाही तिच्यात बसते. जगात अशी व्यवस्था दुर्मीळ आहे आणि ती टिकावी असंच मला वाटतं. पण तिच्या बदल्यात कामगाराने शारीरिक इजेच्या भरपाईसाठी मालकावर दावा लावायचा हक्क सोडला आहे. ब्रिटनमध्ये काय झालं पाहा. तिथल्या कोळसा खाणकामगारांनी याच दुखण्यासाठी ब्रिटिश कोल या सरकारी कंपनीला कोर्टात खेचलं. धोका ठाऊक असूनही कंपनीने वेळेवर पावलं उचलली नाहीत असं ठरलं, आणि १९९८ साली वरच्या कोर्टानेही ते उचलून धरलं. त्यानंतर सरकारला भरपाई योजना काढावी लागली, तिच्यात दीड लाखाहून जास्त दावे आले आणि एक अब्ज पौंडांहून जास्त रक्कम गेली. एवढं बिल आल्यावर सगळ्या देशातले मालक आणि विमा कंपन्या जाग्या झाल्या. न्यूझीलंडमध्ये ते बिल मालकाच्या दारात कधी येणारच नाही. म्हणून तर इथे कायद्यात आकडा हवा. दाव्याची भीती काढून घेतलीत, मग तिच्या जागी नियमाचा धाक ठेवा ना!

आणि हे जमतं. फिनलंडमधल्या सुओमुसाल्मी भागातल्या लाकूडतोड्यांची तिथल्या संशोधकांनी १९७२ ते १९९० अशी अठरा वर्षं पुन्हा पुन्हा तपासणी केली. सुरुवातीला शंभरातल्या चाळीस जणांची बोटं पांढरी पडत होती. शेवटी हे प्रमाण पाचावर आलं. मधल्या काळात चेनसॉची थरथर साधारण १४ वरून २ वर आणली होती. तीच जंगलं, तीच कडाक्याची थंडी, बदललं होतं ते यंत्र. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे किंवा स्प्रिंगचे आधार बसवणं, एवढं साधं मूळ तत्त्व. आज न्यूझीलंडच्या जंगलात काम करणाऱ्याच्या हातातही तशीच चेनसॉ असते. जे झाडं तोडणाऱ्याला मिळालं ते काँक्रीट तोडणाऱ्याला का मिळू नये?

आता आपल्याकडे येऊ. हे सगळं वाचून "चला, न्यूझीलंडमध्येही आनंदच आहे" असं समाधान मानणार असाल तर थांबा. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत २९ रोग होते. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. थरथरीने होणारं हे दुखणं नव्हतं. २०२० साली संसदेने नवी संहिता मंजूर केली तेव्हाही ते त्या यादीत आलं नाही. यादीत नाही म्हणून डॉक्टर कळवत नाही, कळवत नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून "आपल्याकडे हा रोग नाही"!

मी कोल्हापूरकडचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, पलीकडे बेळगावचं उद्यमबाग, या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांचा आम्हाला केवढा अभिमान! पण ओतलेलं कास्टिंग साच्यातून निघतं तेव्हा ओबडधोबड असतं. त्याच्या कडा आणि चिकटलेले जादा तुकडे ग्राइंडरने घासून काढावे लागतात. ते फेटलिंगचं काम बऱ्याच ठिकाणी नगावर असतं. जेवढे नग तेवढे पैसे, म्हणजे मिनिटं मोजायचा प्रश्नच मिटला. जगभरात हे दुखणं जिथे हमखास सापडतं त्यात फेटलिंग शॉप वरच्या नंबरावर आहेत. कोल्हापूरच्या हवेत थरथरीचे नियम बदलतात असं मला तरी कोणी शिकवलेलं नाही.

एक मुद्दा आपल्या डॉक्टर मंडळींसाठी. पुस्तकांत या रोगाची खूण म्हणून पांढरी पडलेली बोटं दाखवतात. ती खूण थंड देशांतली आहे. उष्ण हवेत बोटं सहसा पांढरी पडत नाहीत, नसा मात्र तशाच मरतात. मलेशियातल्या बांधकाम मजुरांची पाहणी झाली तेव्हा हेच आढळलं, मुंग्या आणि बधिरपणा होता, पांढरी बोटं नव्हती. म्हणून हात बधिर होतात म्हणून आलेल्या माणसाला बी-बाराच्या गोळ्या लिहून देण्याआधी एक प्रश्न विचारा, "काम काय करता?"

आणि बाकीच्यांनी? तुम्ही कारखाना चालवत असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल किंवा नुसता स्वतःचा फ्लॅट नवा करत असाल, तरी यंत्र भाड्याने आणणारा आणि काम उरकून घेणारा शेवटी तुमच्याच पैशावर चालतो. युरोपात २.५ पेक्षा जास्त थरथरणाऱ्या हातयंत्राच्या पुस्तिकेत तो आकडा छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांत तो बहुधा सापडतो. प्रत्यक्ष कामावर थरथर त्याहून जास्त भरू शकते, पण दोन यंत्रांत निवड करायला तो पुरतो. कंत्राटदाराला तो आकडा विचारा. धार गेलेली छिन्नी आणि एका बाजूला झिजलेलं ग्राइंडरचं चाक थरथर वाढवतं, ते बदलायचे पैसे देताना कुरकुर करू नका. वायर आणि पाइपसाठी लागणारी भोकं बांधतानाच ठेवा, म्हणजे नंतर ब्रेकर लावायची वेळच येणार नाही. दोन माणसं आलटून पालटून लावा, म्हणजे मिनिटं वाटली जातील. यातल्या कशालाही कायदा आडवा येत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या घरी फरशी फोडायला माणूस येईल तेव्हा त्याला चहा द्याल ना? देताना त्याने कप कसा धरला तेवढं बघा. दोन्ही हातांची ओंजळ करून धरला, तर त्याला विचारा, आणि त्या दिवशीचा ब्रेकर त्याच्या एकट्याच्या हातात राहू देऊ नका.